अनुभव धागा: 'तू मुसलमान वाटत नाहीस!'

काल यवतमाळच्या अदीबा अनम यांची जुनी मुलाखत पाहिली. वडील रिक्षाचालक, यूपीएससी २०२४ ला १४२ वी आली, राज्यातली पहिली मुस्लिम महिला आयएएस म्हणून बातम्या झाल्या. खाली लोकांनी भरभरून अभिनंदन केलंय, पण मधेमधे 'घरच्यांनी शिकू दिलं हेच नवल' आहेच. ते वाचून कॉलेजातली वक्तृत्व स्पर्धा आठवली.

मी कोकणी मुसलमान, गाव चिपळूणजवळ. शाळा मराठी. स्पर्धेत बहिणाबाईंवर बोलले आणि पहिली आले. बक्षीस देताना परीक्षक बाईंनी पाठीवरून हात फिरवला, "तू अजिबात मुसलमान वाटत नाहीस गं!" त्यांना कौतुकच करायचं होतं. आई समोरच बसलेली, डोक्यावर पदर. घरी येईपर्यंत काही बोलली नाही. मग भाकऱ्या थापता थापता म्हणाली, "मग मी कशी वाटते?"

ते कौतुक मला आजही घेता येत नाही. आमच्यातलं चांगलं दिसलं की ते मुसलमान असण्यातून वजा, आणि वाईट दिसलं की लगेच जमा. तुम्हीही लिहा. मुस्लिम मैत्रिणींनी तर लिहाच.

भाकरतुकडा
'मराठी किती छान बोलता' हे मी रोज ऐकते. सोलापूर, बँकेत काउंटरला आहे. आमच्या घरात दखनी, दारात मराठी, शेजारी तेलुगू. मुस्लिम मराठी साहित्य संमेलन पहिल्यांदा भरलं ते १९९० ला सोलापुरातच, मामू अजून अभिमानानं सांगतात. बाकी नंतर लिहिते, कुकर झाला.

रात्रपाळी
मिरजेत नर्स आहे. बुरखा घालून येते, लॉकरमध्ये ठेवते, युनिफॉर्म चढवते. एक सीनियर ताई सारखी हळूच विचारायच्या, मिस्टरांची सक्ती आहे का गं? मिस्टर कधी एका शब्दानं बोलले नाहीत. सासूबाई तर म्हणतात, एवढ्या उन्हात कशाला घालतेस. मला बरं वाटतं म्हणून घालते, पण हे उत्तर कुणाला पटतच नाही.

एका आजोबांच्या मुलानं मला सलाईन लावू दिलं नव्हतं. दुसरी सिस्टर बोलवा म्हणाला. तिला शीर सापडेना. आजोबा कण्हत म्हणाले, "काल रक्त काढलेलं त्या पोरीला बोलवा, कळलंसुद्धा नव्हतं." ती मीच. मुलगा बाहेर जाऊन उभा राहिला.

चिपळूणकरीण
@रात्रपाळी आजोबांना सलाम. आणि तुम्हालाही, हात थरथरला नाही तुमचा.

कृष्णाकाठ
माझं उलटं. मी बुरखा घालत नाही, तर लग्नकार्यात खाला आणि चाची रांगेनं विचारतात. आणि ऑफिसात 'तू मॉडर्न आहेस, तुझ्यात तसं नसतं ना' म्हणतात. 'तसं' म्हणजे काय ते कुणी सांगत नाही. दोन्हीकडे माझ्या कपड्यांची चर्चा. इरिगेशनमध्ये इंजिनियर आहे, कालव्याच्या पाण्याबद्दल विचारा की कधी! रमजानमध्ये मात्र शेजारच्या टेबलवरचे काका माझ्यासमोर चहा पीत नाहीत. कितीदा म्हटलं प्या हो, मला काही होत नाही. ऐकत नाहीत.

आकडेमोड
'तुमच्यात चार बायका आणि दहा पोरं' हे मला हॉस्टेलवर ऐकवलं जायचं. आम्ही दोन बहिणी. वडिलांना एकच बायको, ती पण भारी पडते. पुढे पब्लिक हेल्थ शिकायला घेतलं तेव्हा राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीचे आकडे हातात आले. १९९२-९३ मध्ये मुस्लिम बाईमागे सरासरी ४.४ मुलं होती, २०१९-२१ ला २.४ च्या आत. नवऱ्याला दुसरी बायको असल्याचं सांगणाऱ्या मुस्लिम बाया १.९ टक्के, हिंदू १.३. म्हणजे दुःख दोन्ही घरांत आहे, चेष्टा मात्र एकाच घराची होते. हे मी हॉस्टेलच्या ग्रुपवर टाकलं होतं. कुणी काही लिहिलं नाही, एकीनं अंगठा दाखवला.

पेठकरी
सगळं पटतंय. पण तलाक वगैरे प्रश्न खरेच आहेत ना? त्यावर मुस्लिम स्त्रिया स्वतः बोलताना दिसत नाहीत. कुणाला दुखवायचं नाही, मनापासून विचारतोय.

केळीची_बाग
दादा, प्रश्न खरेच आहेत. पण बोलल्या नाहीत असं नाही हो. १८ एप्रिल १९६६ ला सात मुस्लिम बायका मुंबईत विधानभवनावर मोर्चा घेऊन गेल्या, तोंडी तलाक आणि बहुपत्नीत्वाविरुद्ध. तो मोर्चा काढणाऱ्या हमीद दलवाईंचं नाव सगळ्यांना माहीत, त्या सातजणींची किती जणांना सांगता येतील? आमच्या जळगावात १९८२ ला मुस्लिम बायकांवर सिनेमाबंदी घातली तेव्हा तिच्याविरुद्ध रझिया पटेल उभ्या राहिल्या. हाजी अलीला मजारीपर्यंत जायचा हक्क २०१६ ला हायकोर्टातून मिळवला तो भारतीय मुस्लिम महिला आंदोलनाच्या बायकांनी. २०१७ चा तोंडी तलाकचा निकाल, तिथेही अर्जदार शायरा बानो. आमची सुटका दुसरंच कुणी करणार, असं धरून चालतात ना, त्याचा मला जास्त राग येतो. घरच्यांशी भांडायचं, मोहल्ल्याशी भांडायचं आणि वर 'बिचारी' म्हणवून घ्यायचं.

पेठकरी
१९६६ ला सातजणी! ताई, हे खरंच माहीत नव्हतं. वाचतो.

मुंब्रा_लोकल
घर शोधताना कुणाकुणाला आलाय अनुभव? फोनवर 'मॅडम आजच या, टोकन द्या'. नाव सांगितलं की 'अरे, ते आत्ताच गेलं'. ठाण्यात महिनोन्‌महिने हेच. शेवटी मुंब्र्यात घेतलं. आता ऑफिसात विचारतात, मुंब्र्यात? रात्री एकटी जातेस? अहो, रात्री साडेदहाला स्टेशनबाहेर अख्खा बाजार जागा असतो, बायका भाजी घेत असतात. माझी धाकटी फुटबॉल खेळते. इथे परचम गटानं मुलींचा फुटबॉल सुरू केला, कुणी हिजाबमध्ये, कुणी नाही, हिंदू मुलीही आहेत. शाळेतून आली की दप्तर फेकून मैदानावर. बूट महाग झालेत पण फार.

भाकरतुकडा
@मुंब्रा_लोकल आलाय. पुण्यात बहिणीसोबत. मालकीणबाईंनी आधी पोहे खायला घातले, मग नाव विचारलं. पुढचं लिहीत नाही, परत रडू येईल.

रात्रपाळी
नको आठवूस बाई. एक मिठी घे.

लांजेकर
चिपळूणकरीण, तुमच्याकडे ईदला सांदणं करतात ना? आमच्या शेजारच्या परकार काकू डबा पाठवायच्या. त्या मुंबईला गेल्या आणि मी करते ती दगड होतात.

चिपळूणकरीण
होतात कारण रवा जाड घेत असाल. तांदळाचा बारीक रवा, नारळाचं घट्ट दूध, साखर, थोडं यीस्ट. चांगलं फुगू द्या, मग उकडायला ठेवा. फुगायच्या आधी झाकण उघडून बघायचं नाही!

मुंब्रा_लोकल
यीस्ट किती? आणि आमच्याकडे चाळणी नाही, इडलीपात्रात चालतील का?