जुने खंड स्कॅन करून अभ्यासिका वाढवावी का?

तालुकावाचक:
आमचे ग्रंथालय तालुक्याच्या ठिकाणी असून १९६७च्या महाराष्ट्र सार्वजनिक ग्रंथालय अधिनियमाखाली शासनमान्य आहे. घरी पुस्तके नेणारे सभासद घटत चालले आहेत. अभ्यासिकेत मात्र स्पर्धा परीक्षेच्या मुलांना जागा पुरत नाही. कार्यकारिणीतील काहींचे म्हणणे असे की, नियतकालिकांच्या बांधीव खंडांची खोली रिकामी करून तेथे बाके टाकावीत आणि खंड स्कॅन करून संकेतस्थळावर ठेवावेत. हे कायद्यात बसते का?

नोंदवही:
स्कॅन करणे आणि ते सर्वांना खुले करणे या दोन गोष्टी स्वामित्वहक्काच्या (कॉपीराइटच्या) कायद्याच्या दृष्टीने वेगळ्या आहेत. छापील प्रत ग्रंथालयाकडे असेल, तर जतनासाठी तिची डिजिटल प्रत ठेवण्याची मुभा अव्यावसायिक सार्वजनिक ग्रंथालयांना त्या कायद्यातील २०१२च्या दुरुस्तीने मिळाली. संकेतस्थळावर ठेवण्यासाठी मात्र स्वामित्वहक्क संपलेला हवा किंवा हक्कधारकाची परवानगी हवी. लेखकाच्या हयातीत प्रसिद्ध झालेल्या लेखनावर त्याच्या मृत्यूनंतरच्या वर्षारंभापासून ६० वर्षे हा हक्क राहतो. त्यामुळे १९५० साली निवर्तलेल्या साने गुरुजींचे असे लेखन २०११पासून मुक्त आहे, तर १९६९ साली गेलेल्या आचार्य अत्र्यांचे २०२९ अखेरपर्यंत नाही. मासिकाच्या एकेका अंकात मात्र दहा-पंधरा लेखक असतात आणि प्रत्येकाचा हिशेब निराळा, ही खरी डोकेदुखी.

जुनाअंक:
स्कॅन झाले म्हणून मूळ खंड रद्दीत घालण्यास माझा ठाम विरोध आहे. नावाजलेल्या मासिकांचे अंक मोठ्या शहरांत मिळू शकतील, पण तालुक्यातील साप्ताहिके, शाळांच्या स्मरणिका आणि सहकारी संस्थांचे अहवाल कदाचित फक्त तुमच्याच कपाटात असतील. १९५४च्या कायद्याप्रमाणे प्रकाशकांनी कोलकाता, चेन्नई, मुंबई आणि दिल्ली येथील ग्रंथालयांना प्रती पाठवायच्या असतात. गावातल्या छापखान्याने त्या पाठवल्याच असतील, असे गृहीत धरू नये. इंटरनेटमुळे कादंबरीसाठी कोणी तुमच्याकडे येईनासे झाले असेल, परंतु हा स्थानिक संग्रह इंटरनेटवर नाही, म्हणूनच तो आता ग्रंथालयाचे मुख्य काम ठरतो.

तालुकावाचक:
मग खोलीचे काय? मुले बाहेर जिन्यावर बसून वाचतात, हेही योग्य नाही.

नोंदवही:
ज्या मासिकांचे पूर्ण संच जिल्हा ग्रंथालयात आहेत, तेवढेच खंड लेखी नोंद करून तिकडे द्यावेत आणि ती जागा मुलांना द्यावी. स्थानिक संग्रहाची सूची आधी करा, स्कॅनिंग नंतर. कंत्राट देताना बांधणी उसवून पाने सुटी केली जाणार नाहीत, ही अट करारात अवश्य घाला.