बुलेटचा क्रँक: ट्रू करण्याबद्दल थोडी भर

बुलेट मोटरसायकलचा क्रँक म्हणजे दोन फ्लायव्हील (जड चाकं), त्यांना जोडणारी क्रँकपिन आणि दोन्ही बाजूंचे शाफ्ट. तो ट्रू करताना, म्हणजे दोन्ही शाफ्ट एका रेषेत आणताना, व्ही-ब्लॉकवर (V खाचेच्या ठोकळ्यांवर) ठेवून तपासलं की पुरे, असं काही जण म्हणतात. मला पटत नाही. जुन्या कास्ट आयर्न इंजिनाच्या ३५० बुलेटचा क्रँक लेथच्या दोन सेंटरांमध्येच (टोकदार आधारांमध्ये) फिरवा, आणि आधी शाफ्टच्या टोकांची सेंटरची भोकं काडीला कापड गुंडाळून साफ करा. एवढासा कचरासुद्धा डायल गेजची (बारीक फरक मोजणाऱ्या घड्याळाची) सुई नाचवतो. मग दोन्ही शाफ्टवर डायल लावा. चढ (सुई सगळ्यात वर जाते ती जागा) क्रँकपिनपासून ९० अंशांवर दिसला तर फ्लायव्हील एकमेकांच्या तुलनेत थोडे फिरलेत. क्रँक सेंटरमधून काढून, हातात धरून, फ्लायव्हीलच्या रिमवर (कडेवर) तांब्याच्या हातोड्याचा एकच ठोका द्या. क्रँकपिनच्या विरुद्ध बाजूला दोन फ्लायव्हीलमधली फट जास्त असेल तर तिथे व्हाइसमध्ये दाबा, कमी असेल तर पाचर मारा. पिनचे नट शेवटचे आवळल्यावर पुन्हा मोजा, कारण तिथेच हमखास हलतं. डायलवरचा फरक मी ०.०५ मिमीच्या वर सोडत नाही.