विषय: बेसमेंटमध्ये येणाऱ्या पाण्याचा बंदोबस्त

सप्रेम नमस्कार मंडळी,

न्यू जर्सीतील एडिसन येथे नव्याने घेतलेल्या आमच्या घराच्या बेसमेंटमध्ये मार्चमध्ये बर्फ वितळताना ओल आली आणि पाठोपाठ पाऊस झाल्यावर गालिचाही भिजला. कंत्राटदाराने आतल्या बाजूने जमीन खणून फ्रेंच ड्रेन (पाणी गोळा करून वाहून नेणारी, खडीत पुरलेली सच्छिद्र नळी) टाकण्याचे भलेमोठे अंदाजपत्रक दिले आहे. सप्टेंबरातील वादळांपूर्वी ते काम करून घ्यावे का, याबाबत अनुभवी सभासदांनी कृपया मार्गदर्शन करावे.

– एक नवीन सभासद

*

ताई, सप्रेम नमस्कार.

सही करण्याची घाई करू नये. पाणी कोठून येते हे कळल्याखेरीज आत खणणे म्हणजे आग सोमेश्वरी आणि बंब रामेश्वरी. हजार चौरस फुटांच्या छतावर एक इंच पाऊस पडला, तरी सुमारे 620 गॅलन पाणी पन्हळींतून उतरते. ते पायाशीच सोडले, तर चिकण मातीत लवकर मुरत नाही आणि भिंतीतल्या फटींतून वाट काढते. तेव्हा पुढच्या मोठ्या पावसात छत्री घेऊन घराभोवती एक फेरी मारावी आणि पन्हळ कोठे ओसंडते, पाणी कोठे तुंबते, हे डोळ्यांनी पाहावे. डाउनस्पाउटला (पन्हळीचे पाणी खाली आणणाऱ्या उभ्या नळीला) जोडनळी लावून पाणी किमान सहा फूट दूर न्यावे आणि भिंतीलगत मातीचा भराव असा घालावा, की पहिल्या दहा फुटांत सहा इंच उतार मिळेल. (फुलझाडांच्या वाफ्याला हौसेने लावलेली विटांची कडही पाणी अडवते, ती आधी काढावी.)

संप पंप (बेसमेंटच्या जमिनीतील खड्ड्यात साचलेले पाणी बाहेर उपसणारा पंप) असल्यास त्या खड्ड्यात बादलीने पाणी ओतून फ्लोट (पाण्यावर तरंगणारा भाग) वर येताच मोटर चालू होते का, ते तपासावे. मोटर थांबल्यावर पाइपमधले पाणी खड्ड्यात परत येत असेल, तर चेक व्हॉल्व्ह (पाणी एकाच दिशेने जाऊ देणारी झडप) बिघडला आहे असे समजावे. वादळात नेमकी वीज जाते, म्हणून बॅटरीवर चालणारा दुसरा पंप हवाच. एवढे करूनही ओल राहिली, तर फ्रेंच ड्रेनचा विचार अवश्य करावा.

– पिस्कॅटवे येथील एक सभासद

*

वरील सूचनांना माझी एक पुरवणी. 1 सप्टेंबर 2021 रोजी आयडा वादळाच्या वेळी न्यूयॉर्कच्या सेंट्रल पार्कमध्ये एका तासात 3.15 इंच पाऊस झाला. अशा पावसात सांडपाण्याची वाहिनी तुंबून मैलापाणी बेसमेंटमधल्या ड्रेनमधून उलटे वर येऊ शकते. त्याला उतार किंवा पंप पुरत नाही, बॅकवॉटर व्हॉल्व्ह (मैलापाणी घरात उलटे येऊ न देणारी झडप) बसवावा लागतो.

घराच्या नेहमीच्या विम्यात पुराचे नुकसान सहसा धरलेले नसते. अमेरिकेच्या केंद्र सरकारच्या पूरविमा योजनेची पॉलिसी साधारणपणे 30 दिवसांनी लागू होते, त्यामुळे सप्टेंबरसाठी ती जुलैतच घ्यावी. त्यातही बेसमेंटमधली घर तापवणारी भट्टी (फर्नेस) आणि वॉटर हीटर यांना संरक्षण मिळते, गालिचा व फर्निचर यांना मिळत नाही. ड्रेनमधून उलट्या येणाऱ्या पाण्यासाठी घराच्या पॉलिसीला वॉटर बॅकअपचे वेगळे कलम जोडून घ्यावे लागते; एजंट ते आपणहून सुचवेलच असे नाही.

– मंडळाचे एक जुने सभासद