पाहुणे गेले, वस्तू राहिल्या : घर भाड्याने देणाऱ्यांचा अनुभव धागा

नागाव (अलिबाग), दोन खोल्या आणि पडवी

हंगामात सकाळी दहाला एक कुटुंब निघतं आणि दुपारी एकला दुसरं दारात येतं. मधल्या तीन तासांत चादरी, मोरी, स्वयंपाकघर, अंगण सगळं उरकायचं असतं. राहिलेली वस्तू याच वेळात हाती लागली तर धन्याला परत मिळते. पुढचे पाहुणे आत आले की ती कुणाची हे सांगणंच अशक्य होतं. म्हणून हा धागा. कुठे शोधता, कसं जपता, कसं पाठवता, कुठे फसतं ते नेमकेपणाने लिहा. सुरुवात मी करतो.

आधी शोध, मग झाडू. दारात उभं राहून खोलीचे दोन-तीन फोटो काढायचे, मगच वस्तूंना हात लावायचा. उशीचे अभ्रे उलटे करायच्या आधी आत हात घालून चाचपायचे. साखळी, चष्मा, कानातलं तिथे अडकतं. चादर ओढून काढायची नाही. चारही टोकं मध्ये आणून गाठोडं करायचं आणि पडवीत पांढऱ्या कापडावर झटकायचं. नुसती फिरकी सापडली तर कुडीही जवळपास आहे असं धरून शोध चालू ठेवायचा.

पलंग भिंतीपासून वीतभर ओढायचा. फोन तिथे घसरतो. पांढऱ्या बोर्डातला पांढरा चार्जर डोळ्यांना दिसत नाही, म्हणून प्रत्येक बोर्डावरून हात फिरवायचा. घरचे चार्जर, एक्स्टेंशन आणि मच्छर-मशीन यांना लाल टेप लावून ठेवली की टेप नसलेलं सगळं पाहुण्यांचं.

दारामागची खुंटी ही सगळ्यात वाईट जागा. निघताना दार उघडं असतं, त्यामुळे खुंटी दाराआड जाते. शेवटची नजर फिरवूनही टॉवेल, पर्स, पंजाबी ड्रेस तिथेच राहतो. खुंट्या काढून बाजूच्या मोकळ्या भिंतीवर ठोका. खर्च काही नाही आणि फरक लगेच जाणवतो.

शेवटी घरामागची दोरी आणि वॉशिंग मशीन. पुढून उघडणाऱ्या मशीनच्या दारालगत रबराची घडी असते, ती बोटांनी उलगडून बघा. बाळाचे मोजे, नाणी, अंगठी तिथे जाऊन बसतात.

मालवण, प्लंबिंगचं काम आणि स्वतःचं होमस्टे

नागावच्या काकांनी खोली सांगितली, मी मोरी सांगतो.

अंगठी पडली असा फोन आला की पहिली सूचना एकच : नळ बंद, बादली ओतायची नाही, फ्लश करायचा नाही आणि साफसफाईचं ॲसिड तर मुळीच नाही. ॲसिडने सोन्याला सहसा काही होत नाही, पण मोती खराब होतो आणि खड्यांची बैठकही बिघडू शकते.

जमिनीतल्या नहाणी ट्रॅपची (मोरीचं पाणी जिथून खाली जातं त्या सापळ्याची) जाळी उचला. आत पाणी धरणारी वाटी असते. रबरी हातमोजे घालून ती सरळ वर काढा, तिरकी केलीत तर आतला माल पुढच्या पाइपात जाईल. केस आणि वाळूचा गोळा गाळणीत काढून वेगळ्या पाण्यात धुवा. समुद्रकाठच्या घरात वाळूचा थर जाड असतो आणि जड वस्तू त्याच्या तळाशी बसते, म्हणून वरवर बघून सोडू नका.

बेसिनखाली बॉटल ट्रॅप (पाइपातला बाटलीसारखा सापळा) असेल तर काम आणखी सोपं. खाली बादली ठेवा आणि खालचा कप हाताने फिरवून काढा. पक्कड लावली की प्लॅस्टिकचे आटे मोडतात. परत बसवताना रबरी वायसर खाचेत नीट बसलाय का बघा, कप हाताच्या जोरावरच घट्ट करा, मग नळ सोडून थेंब गळतो का ते तपासा. जुन्या घरांत बेसिनचा पाइप ट्रॅप न ठेवता थेट बाहेर सोडलेला असतो. तिथे वस्तू अडकायला जागाच नाही. दुरुस्तीच्या वेळी बॉटल ट्रॅप बसवून घ्या.

पुणे, औषध दुकान, वरचा फ्लॅट भाड्याने

औषधांना थांबायला वेळ नसतो, म्हणून फ्रिज आधी बघा. अंड्यांच्या कप्प्यात इन्सुलिनचं पेन राहतं. न उघडलेलं इन्सुलिन 2 ते 8 अंशांत ठेवायचं. फ्रीजरमध्ये नाही आणि मागच्या गार भिंतीला चिकटूनही नाही, कारण एकदा गोठलेलं इन्सुलिन पुन्हा पातळ झालं तरी निकामी असतं. ते कुरिअरने पाठवू नका. मे महिन्यात गाडीत किती तापमान होईल याचा भरवसा नाही. पाहुण्यांना लगेच फोन करून सांगा, म्हणजे वाटेत नवीन घेता येईल. दमा, फिट्स, रक्तदाब यांच्या गोळ्यांचंही तसंच. पट्टीवरचं नाव आणि मिलिग्रॅमचा आकडा वाचून दाखवा किंवा फोटो पाठवा.

वापरलेल्या सुया कचऱ्याच्या पिशवीत टाकल्या तर सफाईच्या बाईंच्या हाताला टोचतात. जाड प्लॅस्टिकच्या बाटलीत टाकून झाकण लावा आणि वर लिहा.

कवळी पेल्यातल्या साध्या पाण्यात ठेवा. गरम पाण्यात तिचा आकार बदलू शकतो. पाठवताना ओल्या कापडात गुंडाळून झाकणाच्या कडक डबीत.

कानाचं यंत्र सापडलं तर बॅटरीचं दार उघडं ठेवून डबीत सिलिका जेलच्या पुडीसोबत ठेवा. वस्तू इवलीशी असली तरी बरीच महाग असते, आणि आजोबांना त्याशिवाय दोन शब्द ऐकू येत नाहीत. हे त्याच दिवशी निघालं पाहिजे.

महाबळेश्वर

आमच्याकडे कानटोप्या, मफलर आणि छत्र्या. ओल्या लोकरीची घडी घालू नका. आडवी पसरून सावलीत सुकवा, टांगली की ताणते. पावसाळ्यात चामड्याच्या चपला बंद पिशवीत ठेवल्या तर आठवड्यात बुरशी धरते. कागदात गुंडाळून उघड्या फळीवर ठेवा.

उत्तर गोवा, तीन फ्लॅटची देखभाल

पासपोर्ट बहुतेक वेळा गादीखाली किंवा कपाटातल्या तिजोरीत राहतो. तिजोरी बंद सापडली तर ती रिकामी आहे असं समजू नका, मास्टर कोडने उघडून बघाच. चेकआउटला तिजोरी उघडी ठेवा, असा कागद तिच्या दारावरच चिकटवा.

सापडला की मेसेजवर थांबू नका, फोन करा, कारण विमानाची वेळ जवळ असते. पाहुणे गोव्यातच असतील तर बंद पाकिटात, ओळखीच्या टॅक्सीवाल्याबरोबर, गाडीचा नंबर कळवून पाठवा. संपर्कच होत नसेल तर जवळच्या पोलीस ठाण्यात द्या आणि पोच घ्या. परदेशी पाहुण्याची नोंद आपण आल्यापासून 24 तासांत ऑनलाइन केलेली असते, तिचा क्रमांक सोबत द्या. एक गोष्ट पाहुण्यांना आठवणीने सांगा : हरवल्याची तक्रार होऊन पासपोर्ट रद्द झाला असेल तर तो सापडला तरी त्यावर प्रवास करता येत नाही.

उरलेली दारू पाठवा म्हणणारे बरेच असतात. गोव्याची बाटली परवान्याशिवाय महाराष्ट्रात नेता येत नाही, त्यामुळे हे पार्सल आम्ही घेतच नाही. बुकिंगच्या वेळीच तसं कळवतो.

रत्नागिरी, पार्सल पाठवण्याचं काम

बहुतेक घोळ पॅकिंगमध्ये होतात.

किल्ली साध्या पाकिटात टाकली तर वाटेत पाकीट फाडून ती बाहेर पडते. पुठ्ठ्याच्या दोन तुकड्यांत टेपने चिकटवा, मग छोट्या खोक्यात. घराची किल्ली असेल तर घराच्या पत्त्यावर पाठवूच नका, पार्सल गहाळ झालं तर किल्ली आणि पत्ता एकाच हातात पडतात. ऑफिसचा किंवा नातेवाइकांचा पत्ता मागा. पत्ता तसाही दरवेळी नव्याने विचारावा, आधारवरचा पत्ता जुना असू शकतो.

पॉवर बँक, परफ्यूम आणि स्प्रे विमानाने जाणाऱ्या टपालात चालत नाहीत. जमिनीवरून जाणारी कुरिअर सेवा बघा आणि आत काय आहे ते खरं सांगा. फुगलेली पॉवर बँक चार्ज करू नका, पाठवू नका. घराबाहेर कोरड्या वाळूच्या पत्र्याच्या डब्यात ठेवून ई-कचऱ्यात द्या.

लॅपटॉपचे चार्जर सारखेच दिसतात. मागच्या लेबलवरचे व्होल्ट आणि अँपिअर पाहुण्यांना वाचून दाखवा, जुळले तरच पाठवा.

फोन सापडला तर बंद करू नका, सिम काढू नका, चार्जिंगला लावून ठेवा, म्हणजे धन्याला तो वाजवता येतो. त्याने संचार साथी या सरकारी पोर्टलवर फोन ब्लॉक केला असेल तर हाती आल्यावर तिथेच अनब्लॉक करावा लागतो, हे सांगून ठेवा.

पोहण्याचे कपडे गोड्या पाण्यात खळबळून खडखडीत वाळवा. दमट कपडा प्लॅस्टिकमध्ये तीन दिवस राहिला की काळे ठिपके पडतात आणि ते जात नाहीत. सुके बांगडे किंवा सोडे फ्रीजरमध्ये राहिले तर दोन पिशव्या आणि झाकणाचा डबा, तरी कुरिअरवाले वासाने परत करतात. गावाकडून त्या बाजूला जाणारं माणूस मिळालं तर उत्तम.

2025 मध्ये रजिस्टर्ड पोस्ट स्पीड पोस्टात विलीन झालं आहे, तेव्हा कागदपत्रांसाठी स्पीड पोस्टच. सोनं विमा न उतरवता पाठवू नका.

नाशिक, वकील

कायद्याची बाजू थोडक्यात. भारतीय करार अधिनियम, 1872 च्या कलम 71 नुसार सापडलेली वस्तू ताब्यात घेणाऱ्यावर निक्षेपग्राहीइतकीच, म्हणजे दुसऱ्याची वस्तू सांभाळायला घेणाऱ्याइतकीच, जबाबदारी येते. स्वतःच्या वस्तूची शहाणा माणूस घेईल तेवढी काळजी त्याने घ्यायची. कलम 168 प्रमाणे सांभाळण्याचा आणि धन्याला शोधण्याचा खर्च मिळेपर्यंत वस्तू रोखून धरता येते, पण त्या खर्चासाठी दावा लावता येत नाही. विकण्याची मुभा कलम 169 मध्ये आहे, ती फार अरुंद : वस्तू सर्वसाधारणपणे विकली जाणारी हवी, रास्त प्रयत्न करूनही धनी सापडत नाही किंवा तो कायदेशीर खर्च द्यायला नकार देतो, आणि शिवाय वस्तू नाश पावण्याच्या किंवा बहुतांश किंमत गमावण्याच्या बेतात आहे किंवा तो खर्च तिच्या किमतीच्या दोन तृतीयांशांइतका झाला आहे. धनी माहीत असताना वस्तू स्वतःसाठी वापरणं हा भारतीय न्याय संहितेच्या कलम 314 खाली गुन्हा ठरू शकतो.

म्हणून नोंदवही ठेवा : तारीख, खोली, नेमकी जागा, कुणाला सापडली, फोटो, कधी कळवलं, कधी कशाने पाठवलं. रोख रक्कम दोघांनी मिळून मोजावी आणि दोघांनी सही करावी. आमच्या पक्षकारांना मी कपड्यांसाठी तीन महिने मुदत सुचवतो, आणि ती घराच्या नियमांत आधीच छापायला सांगतो.

दापोली, सफाईच्या गटाची प्रमुख

वकीलसाहेबांनी सांगितलेल्या वहीत वस्तू जिला सापडली त्या बाईंचं नाव लिहाच. संशय पहिला तिच्यावर येतो, आणि तिची बाजू तीच वही सांगते. वस्तू परत मिळाल्यावर पाहुणे बक्षीस देतात, ते तिच्या हाती पडू दे.

कळवताना फक्त बुकिंग करणाऱ्यालाच कळवा, घरच्या फोनवर नाही. वस्तूचं नाव न लिहिता "आपली एक वस्तू राहिली आहे, काय ते सांगाल का?" एवढंच विचारा. कोण कुणाबरोबर आलं होतं यात आपण पडायचं नाही, आणि वर्णन त्यांच्याकडून आलं की वस्तू आधीच्या पाहुण्यांची नाही याचीही खात्री होते. लहान मुलाचं झोपायचं खेळणं मात्र याला अपवाद. त्याचा फोटो ताबडतोब आईला पाठवा आणि ते धुवू नका, त्या वासाशिवाय मूल झोपत नाही.