‘कॅट पीपल’ (१९८२): इतकी नालस्ती कशासाठी?

रातवा:
पॉल श्रेडरच्या ‘कॅट पीपल’चं नाव काढलं की दोनच प्रतिक्रिया येतात. एक तर ‘हाय, नस्तास्या किन्स्की!’ (यातली नायिका इरिना), नाहीतर ‘जुन्या चांगल्या सिनेमाचा रिमेक करून माती केली’. दुसरी मला पटत नाही. जाक तूर्नरच्या १९४२ च्या मूळ सिनेमात इरिना ही न्यूयॉर्कमध्ये फॅशनची रेखाटनं करणारी सर्बियन मुलगी. नवऱ्याने जवळ घेतलं तर आपण बिबळ्या होऊ, या धास्तीने ती लग्नानंतरही त्याला लांब ठेवते. हॉलिवूडच्या तेव्हाच्या नियमावलीत याच्यापुढे जाणं शक्यच नव्हतं. श्रेडरने झाकलेलं उघडं केलं. गोष्ट न्यू ऑर्लीन्सला नेली, इरिनाला भाऊ दिला (माल्कम मॅकडॉवेल, नेहमीसारखाच किळसवाणा) आणि त्यांच्या मांजर-माणसांच्या जमातीला एक भयंकर नियम दिला: संबंध फक्त आपसात. परक्याशी आला की जनावर व्हायचं, आणि परत माणूस व्हायला कुणाचा तरी जीव घ्यायचा. भाऊ बहिणीकडे ज्या नजरेने बघतो ती त्याच नियमातून येते. चावटपणा म्हणून हे सोडून देता येत नाही.

मांजरपाट:
चावट नाही, बोजड आहे. पोहण्याच्या तलावाचे दोन्ही सीन लागोपाठ बघा. १९४२ मध्ये इरिनाच्या नवऱ्याची सहकारी अ‍ॅलिस तळघरातल्या तलावात एकटी. गुरगुर ऐकू येते, ती पाण्यात उडी टाकते. छतावर पाण्याचे कवडसे हलताहेत, भिंतीवर काहीतरी सरकतंय, ती किंचाळतेय. दिवा लागतो तर काठावर इरिना, अगदी शांत. नंतर अ‍ॅलिसचा झगा सापडतो, चिंध्या झालेला. बिबळ्या दिसलाच नाही! श्रेडरने हाच सीन जसाच्या तसा उचलला आणि भर काय घातली, तर अ‍ॅलिस झालेल्या अ‍ॅनेट ओ'टूलला उघड्या अंगाने पोहायला लावलं. भीतीत त्याने काय वाढलं ते सांगा.

खवचट:
तिकीट वाढलं असेल.

रातवा:
तलावाचा सीन मीही वाचवणार नाही. ती नक्कल आहे आणि नकलेसारखीच दिसते. पण मेलेल्या बिबळ्याच्या शवविच्छेदनाचं काय? इरिनाचा प्रियकर ऑलिव्हर पोट फाडतो, आतून वाफ येते, आणि माणसाचा हात बाहेर येतो. सुरुवातीचं ते केशरी वाळवंट, झाडाला बांधलेली मुलगी, त्यावर जॉर्जिओ मोरोडरचं संगीत. हे १९४२ वाल्यांना जमलंही नसतं आणि करू दिलंही नसतं.

अर्धवट_प्रेक्षक:
मी त्यातल्या डेव्हिड बोवीच्या गाण्यासाठी लावला आणि अर्ध्या तासात डुलक्या. पिंजऱ्यातला बिबळ्या कर्मचाऱ्याचा हात उपटतो तेव्हा खडबडून जागा झालो. आपल्या इच्छाधारी नागिणी निदान बदला तरी घेतात, ही बाई नुसती घामाघूम.

सईबाई:
नागिणीला स्वतःचं काहीतरी हवं असतं, मुद्दा तोच आहे. उघडेपणाला माझी हरकत नाही. शेवटाला आहे. (स्पॉयलर.) इरिना ऑलिव्हरला विनवते, मला माझ्या जातीच्यांत जाऊ दे. तो तिचे हातपाय पलंगाला बांधतो, संभोग होतो, ती बिबळ्या होते. आणि मग? हा प्राणिसंग्रहालयातला साहेब, तो तिला तिथल्याच पिंजऱ्यात ठेवतो. गजांतून घास भरवतो, मान कुरवाळतो. याला लोक ‘उत्कट प्रेम’ म्हणतात तेव्हा माझं डोकं फिरतं. १९४२ ची इरिना जखमी अवस्थेत स्वतः जाऊन बिबळ्याचा पिंजरा उघडते. किल्ली तिच्या हातात होती. इथे ती ऑलिव्हरच्या खिशात आहे.

मांजरपाट:
किल्लीचं माझ्या लक्षात आलं नव्हतं. सहमत.

रातवा:
पण पिंजरा उघडून तिला मिळालं काय? तो बिबळ्याच तिला लोळवतो, ती मरते, आणि नवरा अ‍ॅलिसबरोबर घरी जायला मोकळा. परकी बाई गेली, संसार सुरळीत. त्या काळात नायिकेला स्वातंत्र्य द्यायचं तर आधी मारावी लागे. श्रेडरची इरिना जिवंत आहे. जनावर होणं ती मागून घेते. आणि शेवटच्या चौकटीत ती गुरगुरते तेव्हा मला तरी ती पाळीव वाटत नाही. श्रेडर ऑलिव्हरला हिरो म्हणून दाखवतोय असं तुम्ही धरून चालला आहात. मला तो रोगी दिसतो: जिवंत बाईपेक्षा त्याला गजाआडची बरी.

सईबाई:
तो रोगी आहे हे तुम्ही म्हणताय, सिनेमा म्हणत नाही. सिनेमा त्याला मऊ प्रकाश देतो आणि वर गाणं लावतो. रोगी दाखवायचा असता तर एकदा तरी गजांच्या आतून बाहेर बघितलं असतं, तिच्या बाजूने.

खवचट:
आतून कॅमेरा लावायला कुणी तयार झालं नसेल. त्या हाताचं काय झालं ते बघितलंत ना!

रातवा:
सईबाई, आतल्या बाजूचा शॉट हवा होता हे मान्य. पण सिनेमा म्हणत नाही असं कसं? कुरवाळून झाल्यावर तो वळतो, ती गुरगुरते, आणि चित्र तिच्यावर थिजतं, त्याच्यावर नाही. गाणं वाजतं ते तिच्या जबड्यावर.

सईबाई:
जबडा पिंजऱ्यातच आहे हो.