मदत हवी आहे: नायकाला जागं करायला कुणाला तरी मारायलाच हवं का?

मंडळी, एक दीर्घकथा लिहिते आहे आणि मध्यावर गाडी अडली आहे. धाकटी बहीण मरते आणि थोरला भाऊ पेटून उठतो, असा सरळ रस्ता समोर आहे. पण हा साचा मला मनापासून खटकतो. त्या मुलीला स्वतःचं असं काही उरतच नाही, ती फक्त दुसऱ्याच्या रागासाठी मरते. पुढे कॉमिक्स-लेखिका झालेल्या गेल सिमोन यांनी १९९९ साली अशा बळी गेलेल्या स्त्री-पात्रांची यादीच केली होती.

सगळेच साचे वाईट असतात असं नाही. वैऱ्यांचं हळूहळू प्रेमात पडणं मी कितीही वेळा वाचेन, कारण तिथे दोघांनाही बदलावं लागतं. एका वाक्यात मिटेल असा गैरसमज पानोपानी ताणला, की मात्र चीड येते.

माझ्या कथेत ही बहीण भावाच्या वहीतलं गणित खोडून शेजारी आपल्या पद्धतीनं सोडवते, तेही दोन पायऱ्या कमी करून. तो प्रसंग लिहिल्यापासून तिला मारायला हात धजावत नाही. पण ती जिवंत राहिली तर भावानं घर सोडणं पटत नाही.

तीच आपणहून विरुद्ध बाजूला जाऊन मिळाली, तर भावाला तेवढाच धक्का बसेल का? आणि मृत्यू ठेवायचाच झाला, तर तो केवळ निमित्त वाटू नये म्हणून आधी काय पेरावं? लिहिणाऱ्यांनी आणि चोखंदळ वाचकांनी, दोघांनीही कृपया सांगा.