शनिवारी सकाळी टाकी, दुपारी ओढ्याची सफाई: क्रम कसा लावावा?

चौघांचं_घर:
येत्या शनिवारी दोन मोठी कामं एकाच दिवशी आली आहेत. गच्चीवरची हजार लिटरची प्लास्टिकची टाकी धुऊन निर्जंतुक करायची आहे. दुपारी ३ ते ५ शेजारच्या तीन कुटुंबांबरोबर ओढ्याकाठचा कचरा उचलायचा आहे. शिवाय आठवड्याचे कपडे आहेतच. घरात आम्ही दोघं आणि ९ व १४ वर्षांची मुलं. कोणतं काम आधी घ्यावं? ब्लीचिंग पावडर किती घालायची, किती वेळ ठेवायची? आणि मुलांना काय द्यावं, काय अजिबात देऊ नये?

पाणीहिशेब:
आधी पाण्याचा हिशेब मांडा, घड्याळ नंतर. टाकीत क्लोरीन घातलं की ते पाणी वापरता येत नाही, आणि संध्याकाळी चौघंही चिखलाने माखून घरी येणार. अंघोळीला प्रत्येकी दोन बादल्या धरल्या तर दीडशे लिटरच्या आसपास जातं, वर संडास आणि हातपाय धुणं. म्हणजे दोनशे लिटरचं पिंप आधीच भरून झाकून ठेवायला हवं. पिण्याचं पाणी वेगळं. हे राहून गेलं की संध्याकाळी कोणीतरी क्लोरीनचंच पाणी अंगावर घेतं, आणि डोळे-त्वचा चुरचुरतात.

कपडे आधी, टाकी नंतर. शुक्रवारी संध्याकाळी टाकीत येणारा व्हॉल्व्ह बंद करा आणि पिंप भरून घ्या. शनिवारी पहाटेच मशीन लावा. वरून कपडे टाकायच्या मशीनच्या एका फेरीला शंभर-सव्वाशे लिटर सहज जातात. पिंप, रात्रीचा वापर आणि या दोन-तीन फेऱ्या मिळून टाकी बरीचशी रिकामी होते आणि चांगलं पाणी गटारात सोडावं लागत नाही. तळाशी चार बोटं पाणी उरलं की थांबा, तेवढं घासायला लागतंच.

घासताना लांब दांड्याचा नायलॉनचा ब्रश घ्या. तारेची घासणी नको. प्लास्टिकवर चरे पडतात आणि पुढच्या वेळी शेवाळ त्याच चऱ्यांत धरतं. साबणही नको, फेस निघता निघत नाही. आधी झाकणाची आतली बाजू, मग भिंती वरून खाली, शेवटी तळ. गाळ तळाच्या ड्रेनमधून काढा. ड्रेन नसेल तर मगने आणि स्पंजने उपसा, पण घरात जाणाऱ्या पाइपमध्ये तो जाऊ देऊ नका. बॉलकॉकचा दांडा आणि ओव्हरफ्लोची जाळी लोक विसरतात. जाळी फाटली असेल तर त्याच दिवशी बदला, डास तिथूनच आत जातात.

आता मात्रा. प्रतिलिटर ५० मिलिग्रॅम क्लोरीन धरलं तर हजार लिटरला ५० ग्रॅम लागतं. ताज्या ब्लीचिंग पावडरीत साधारण ३३ टक्के क्लोरीन असतं, म्हणून पावडर १५० ग्रॅम. ५ टक्क्यांचं द्रव ब्लीच असेल तर १ लिटर, पण बिनवासाचं आणि बिनरंगाचं. पावडरीचे गोळे झाले असतील आणि डबा उघडल्यावर नाकाला झोंबत नसेल तर ती उतरलेली आहे, वापरू नका.

पावडर थेट टाकीत टाकू नये. प्लास्टिकच्या बादलीत थोड्या पाण्यात आधी लगदा करा, मग बादली भरून ढवळा आणि १५ मिनिटं तशीच ठेवा. चुना खाली बसतो. वरचं निवळलेलं पाणी तेवढं टाकीत ओता. टाकी पाव भरलेली असताना ओतलं की उरलेल्या पाण्याच्या धारेने ते आपोआप मिसळतं. टाकी भरल्यावर घरातला एकेक नळ क्लोरीनचा वास येईपर्यंत सोडा आणि बंद करा, म्हणजे पाइपही निर्जंतुक होतात.

त्याआधी न चुकता आरओचा नळ बंद करा, कारण एवढ्या क्लोरीनने त्याची मेंब्रेन खराब होते. गिझरही बंद, त्याच्याकडे जाणारा व्हॉल्व्हसुद्धा.

हे पाणी २४ तास ठेवायचं. रविवारी सकाळी ड्रेनने सांडपाण्याच्या गटारात सोडा. कुंड्यांना घालू नका आणि ओढ्याकडे तर मुळीच वळवू नका, मासे मरतात. मग एकदा खंगाळून ताजं पाणी भरा, आणि वास पूर्ण गेल्यावरच आरओ सुरू करा.

तळमजला:
मात्रा दुप्पट, म्हणजे ३०० ग्रॅम केली तर ८ तासांत भागतं. सकाळी ११ ला घातलं तर संध्याकाळी ७ ला टाकी मोकळी.

पाणीहिशेब:
बरोबर आहे, ८ तास पुरतात. पण ७ नंतर ती टाकी उपसून, खंगाळून पुन्हा भरायची, तेही दमलेल्या हातांनी आणि अंधारात गच्चीवर. नळाला तेव्हा पाणी असेल याचीही खात्री हवी. तुमच्या बेतात मी २४ तासच घेईन.

मुलांबद्दल: ब्लीचला हात फक्त मोठ्यांचा, तोही रबरी हातमोजे आणि चष्मा घालून. संडास धुण्याचं अॅसिड त्या दिवशी बाहेर काढूच नका, दोन्ही एकत्र आले की विषारी क्लोरीन वायू निघतो. टाकीत डोकं खुपसून घासायचं कामही मुलांना देऊ नका. मोठं माणूस आत वाकलं असेल तर दुसरं मोठं माणूस बाहेर हवंच. १४ वर्षांचं मूल खाली थांबून व्हॉल्व्ह उघड-बंद करू शकतं. ९ वर्षांच्या मुलाला नळांची यादी द्या, वास आला की खूण. हे काम मुलं मोठ्यांपेक्षा नीट करतात.

गोणी_आणि_चिमटा:
ओढ्याचं मी सांगतो. सगळ्यात जास्त बेत बिघडतो तो गोळा केलेल्या कचऱ्यावर. वीस गोण्या काठावर रचल्या, गाडी आली नाही, आणि दोन दिवसांत कुत्र्यांनी फाडून सगळं परत पाण्यात. गोण्या कोण, कुठून, किती वाजता उचलणार हे स्थानिक कचरा विभागाशी गुरुवारपर्यंत पक्कं करा. ठरलं नाही तर तारीख पुढे ढकला.

शुक्रवारी कोणीतरी पंधरा मिनिटं काठावरून चालत जाऊन ढिगांच्या जागा नकाशावर टिपा. एस्टोनियात ३ मे २००८ ला, तोही शनिवारच होता, सुमारे ५० हजार लोकांनी पाच तासांत १० हजार टनांच्या आसपास कचरा उचलला. ते जमलं कारण बेकायदा ढिगांच्या जागा आधीच नकाशावर आल्या होत्या. जागतिक स्वच्छता दिनाची चळवळ तिथूनच वाढली. चार कुटुंबांनाही हाच धडा लागू आहे, नाहीतर पहिला अर्धा तास नुसता फिरण्यात जातो.

रिकाम्या हाताने लांबच्या टोकाला जा आणि गाडीच्या दिशेने कचरा उचलत या, म्हणजे भरलेली गोणी कमीत कमी अंतर वाहावी लागते. जोड्या करा, एकाने गोणीचं तोंड धरायचं आणि दुसऱ्याने चिमट्याने उचलायचं. जुन्या बादलीचा तळ कापून ती गोणीच्या तोंडात घातली की गोणी उघडी राहते. गोणी दोन तृतीयांशच भरा. ओल्या मातीत रुतलेलं प्लास्टिक भलतंच जड असतं, ते आधी जागच्या जागी आपटून माती झाडून घ्या. अर्धवट गाडलेली पिशवी ओढून निघत नसेल तर सोडून द्या. जोर केला की काठ ढासळतो आणि पिशवीचे तुकडे होऊन राहतात.

सुई, सिरिंज, फुटकी काच दिसली तर मुलांनी हात वर करून फक्त हाक मारायची. ती एका मोठ्याने चिमट्याने उचलून झाकणाच्या जाड प्लास्टिकच्या डब्यात टाकायची, गोणीत नाही, आणि सुईला टोपण लावायला जायचं नाही. डब्यावर मोठ्या अक्षरात लिहा आणि तो गाडीवाल्याच्या हातात वेगळा द्या.

पायात गमबूट, अंगात पूर्ण बाह्या. उंदरांच्या मुताने दूषित झालेल्या पाण्यातून लेप्टोस्पायरोसिस होतो आणि तो कातडीवरच्या जखमेतून शिरतो. म्हणून खरचटलेल्या जागेवर पाणी न शिरणारी पट्टी लावा, आणि मोठी जखम असलेल्याने काठावर नोंदी ठेवायचं काम घ्यावं. आदल्या रात्री जोराचा पाऊस झाला तर जाऊ नका, पाणी अचानक चढतं आणि काठ निसरडा असतो.

चौघांचं_घर:
मनापासून आभार. शुक्रवारी व्हॉल्व्ह बंद आणि पिंप भरणं, शनिवारी ६ ला मशीन, ९ ला टाकी, ११ ला क्लोरीन, असं ठरवलं. गोण्यांच्या गाडीसाठी उद्याच बोलतो. ओढ्यावरून आल्यावरचे कपडे त्याच रात्री धुवावेत का?

पाणीहिशेब:
नको, त्या रात्री मशीनला टाकीचंच पाणी जाईल आणि कपड्यांचा रंग उडेल. दारातच काढून वेगळ्या बादलीत ठेवा. रविवारी चिखल वाळला की बाहेर झटकून, एकदा हाताने खंगाळून मगच मशीनमध्ये टाका, नाहीतर माती ड्रेनच्या फिल्टरमध्ये अडकते. पिंपातली शेवटची बादली मात्र गमबूट धुवायला राखून ठेवा.